वाचक विचारतात : तक्रार दारात नको, वर लिहून करा

दिवाळीचे सेल संपले की पार्सलांच्या तक्रारींची पत्रं वाढतात, हे दरवर्षीचंच. या वेळी त्या गठ्ठ्यात एका आईचंही पत्र आहे; तिचा मुलगा पार्सलं वाटतो. म्हणून वीजबिलं आणि बिल्डर पुढच्या अंकावर टाकते आणि या वेळची सगळी पानं पार्सलांना देते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की नाशिकला मी बरीच वर्षं कुरिअरची शाखा चालवली. पार्सल हरवलं म्हणून काउंटरवर हात आपटणारे ग्राहक मी पाहिलेत आणि भर पावसात पोतं खांद्यावर घेऊन जिने चढणारी मुलंही पाहिलीत.

ताई, मी घरूनच काम करते, दिवसभर घरात असते. तरी संध्याकाळी मोबाईलवर मेसेज आला : 'डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही.' बेल वाजली नाही, फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर मुलगा आला तेव्हा मी त्याला दारातच चांगलं सुनावलं. तो काही बोलला नाही, फक्त ओटीपी मागितला. नंतर वॉचमनकडून कळलं, की आधीचे दोन दिवस आमच्या भागात दुसराच मुलगा होता. तक्रार नक्की कुणाकडे करायची? ॲपवरच्या चॅटमध्ये 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' याच्या पुढे काही सरकत नाही.
— एक वाचक, डोंबिवली पूर्व

तुमचा राग रास्त आहे. न येताच 'येऊन गेलो' असं लिहिणं म्हणजे खोटी नोंद, मग ती कुणीही केलेली असो. पण ही नोंद होते कशी ते समजून घ्या, म्हणजे तक्रार कुणाच्या टेबलावर पडली पाहिजे तेही कळेल.

माझ्या शाखेचं सांगते. भिवंडीच्या गोदामांतून रात्री निघालेली गाडी आमच्याकडे पहाटे यायची. कसारा घाटात एखादा ट्रक बंद पडला की ती उगवायची थेट दहा-अकराला. मग पोती उतरवा, एकेक पार्सल स्कॅन करा, रूटप्रमाणे ढीग लावा : इंदिरानगर, पाथर्डी फाटा, पवननगर, गंगापूर रोड. मुलं सकाळपासून गाड्या लावून बसलेली असायची. माल उशिरा आला म्हणून संध्याकाळ काही पुढे सरकत नाही. ज्याच्या नावावर जेवढी पार्सलं चढवली, तेवढ्या सगळ्यांपुढे रात्रीपर्यंत काहीतरी शेरा पडलाच पाहिजे. तेव्हा कागदाची रनशीट होती, आता ॲप आहे, रीत तीच. शेरा कोरा राहिला की शाखेचे आकडे बिघडतात आणि वरून फोन येतो. 'वेळ पुरला नाही' हा शेरा वरच्यांना चालत नाही, कारण मग माणसं कमी का ठेवलीत, रूट एवढा लांब का आखलात, असे प्रश्न त्यांच्यावरच येतात. 'ग्राहक उपलब्ध नाही' लिहिलं की सगळं ग्राहकावर ढकलून मोकळं होता येतं. मग रात्री आठच्या सुमाराला शाखेतूनच निरोप जातो, 'उरलेल्यांना अटेम्प्ट मारून टाक.' माझ्या ओळखीच्या शाखांमध्ये हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे.

आणखी एक बघा. बहुतेक ठिकाणी मुलाला पैसे मिळतात ते पोचलेल्या पार्सलामागे. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाईलचा डेटाही त्याचाच. तुमचं पार्सल परत नेण्यात त्याचा काडीचा फायदा नाही. उलट दुसऱ्या दिवशी तेच ओझं पुन्हा वागवायचं. काही मुलं कामचुकार असतात, नाही असं नाही. पण एकाच भागात लागोपाठ असं होत असेल तर प्रश्न एका मुलाचा नसतो. तिथला रूट आहे त्या माणसांच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो, आणि तो आखणारा माणूस तुमच्या दारात कधीच येत नाही.

आता तक्रारीचं. पैसे तुम्ही कुरिअरला दिलेले नाहीत, खरेदीच्या वेबसाइटला दिलेत. त्यामुळे 'कुरिअर कंपनीशी बोला' हे उत्तर मुळीच मान्य करू नका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यांप्रमाणे अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव-संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असं बंधन आहे. हा अधिकारी चॅटमध्ये भेटत नाही. वेबसाइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत त्याचा ई-मेल असतो, तो शोधून तिथे लिहा.

लिहिताना दिलगिरी मागू नका, पुरावा मागा. ऑर्डर क्रमांक, त्या मेसेजचा वेळेसकट स्क्रीनशॉट, त्या वेळेच्या आसपास फोन आलेला नाही हे दाखवणारी कॉलची यादी आणि जमलं तर सोसायटीच्या गेटवरच्या नोंदवहीचा फोटो जोडा. त्याखाली एकच मागणी ठेवा : 'हा शेरा नोंदवला तेव्हा डिलिव्हरी करणाऱ्याच्या मोबाईलचं ठिकाण काय होतं, ते कळवावं.' अनेक कंपन्यांच्या ॲपमध्ये हे ठिकाण आपोआप नोंदलं जातं. ही मागणी गेली की तक्रार चॅटवाल्यांच्या हातून निघून शाखेच्या प्रमुखापर्यंत जाते. रूट लहान करायचा की माणूस वाढवायचा, हे तोच ठरवू शकतो. माल दिलेल्या तारखेनंतर आला आणि तुम्हाला नको असेल, तर तो परत घेऊन पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. पुरासारखं हाताबाहेरचं कारण असेल तर गोष्ट वेगळी. हेही त्याच नियमांत आहे.

महिना उलटूनही काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो. वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

राहिले ते तारे. पार्सल हातात पडल्यावर ॲप 'अनुभव कसा होता' विचारतं आणि आपण आदल्या दोन दिवसांच्या रागात एक तारा देऊन टाकतो. तो तारा त्या दिवशी पार्सल आणून देणाऱ्या मुलाच्या खात्यावर जातो, खोटा शेरा मारणाऱ्याच्या नाही. तुमच्या दारात गप्प उभा राहिलेला मुलगा हा असा दुसराच होता. त्याला पूर्ण तारे द्या आणि राग त्या ई-मेलमध्ये लिहा.

आमच्या सोसायटीत पार्सलवाल्यांनी मुख्य लिफ्ट वापरू नये असा ठराव दोन वर्षांपूर्वी झाला. सामानाची लिफ्ट वरचेवर बंद असते. हल्ली काही तरुण सभासद हा ठराव काढून टाका म्हणतात, ज्येष्ठांचा विरोध आहे. सचिव म्हणून काय करावं?
— एक सचिव, ठाणे

ठराव काढून टाका. सातव्या मजल्यावरचं दहा किलो तांदळाचं पोतं आणि कपडे धुण्याच्या पावडरीचा डबा तुमच्याच सभासदाने मागवलेला असतो. ते जिन्याने वर नेणाऱ्या माणसाला तुमच्यानंतर आणखी कितीतरी इमारती करायच्या असतात. तुमच्याकडे गेलेला प्रत्येक अर्धा तास रात्री कुणाच्या तरी मोबाईलवर 'ग्राहक उपलब्ध नाही' होऊन उमटतो. वरच्या डोंबिवलीच्या पत्राचा आणि तुमच्या ठरावाचा संबंध एवढा सरळ आहे.

ज्येष्ठांची भीती बहुधा सुरक्षेची असेल. तिच्यासाठी गेटवर नोंद ठेवा, लिफ्टमध्ये कॅमेरा लावा. ज्यांना दार उघडायचं नसेल त्यांच्यासाठी गेटजवळ कुलपाचं कपाट करा आणि त्याची जबाबदारी वॉचमनच्या तोंडी भरवशावर न सोडता वहीवर ठेवा. रोख रकमेचं किंवा ओटीपीचं पार्सल मात्र घरीच न्यावं लागतं, तिथे त्या माणसाला अडवू नका.

आणि गेटवरच्या केबिनमागचा संडास या मुलांना वापरू द्या. आता या कामात बायकाही आहेत. दिवसभर रस्त्यावर असलेल्या बाईने पाणी न पिता काम करायचं, ही गोष्ट तुमच्या सभेत एखाद्या सभासद भगिनीने उठून सांगितली तर विरोध मावळेल असं मला वाटतं.

ताई, माझा मुलगा बी.कॉम. झाला आणि पक्की नोकरी मिळेपर्यंत म्हणून पार्सल वाटायला लागला. गाडी त्याच्या वडिलांच्या नावावर आहे. पावसाळ्यात सिडकोतल्या उतारावर घसरून पडला, मनगट मोडलं, बरेच दिवस घरी होता. कंपनीने एक पैसा दिला नाही. म्हणाले, तुम्ही आमचे कामगार नाही, पार्टनर आहात. वर त्या दिवशी पडलेल्या पार्सलांतलं एक फुटलं त्याचे पैसे कापले. आता हात बरा झाला, पुन्हा जातो म्हणतो. त्याला कुठे दाद मागता येईल? आणि पुढे असं झालं तर काय करून ठेवावं?
— एक आई, नाशिक

माई, तुमच्या पत्रातली एक ओळ वाचून मी थांबले : गाडी वडिलांच्या नावावर आहे. आधी तिथूनच सुरुवात करू, कारण ते आजच्या आज करण्यासारखं आहे.

गाडीच्या विम्याबरोबर जो वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा असतो, तो पंधरा लाखांचा. पण तो गाडीच्या मालकासाठी असतो, आणि मालक स्वतः चालवत असेल तेव्हाच. तुमचा मुलगा वडिलांच्या गाडीवर पडला तर तो विमा त्याला लागू होत नाही. शिवाय त्यात मृत्यू आणि कायमचं अपंगत्व एवढंच येतं. मनगट मोडून घरी बसावं लागलं तर त्याचं काही मिळत नाही. माझ्या शाखेतल्या कितीतरी मुलांच्या गाड्या अशाच वडिलांच्या, नाहीतर मोठ्या भावाच्या नावावर असायच्या आणि घरच्यांना वाटायचं, विमा आहे ना. म्हणून गाडी मुलाच्या नावावर करा आणि विमाही त्याच्या नावाने घ्या. विमा घेताना गाडी पार्सल वाटायला वापरतो हे स्पष्ट सांगा. घरगुती वापराच्या विम्यावर धंद्याचं काम केलं म्हणून कंपनी पुढे दाव्यात वाद घालू शकते.

त्याशिवाय दोन गोष्टी. ज्या बँकेत त्याचं खातं आहे तिथे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज द्या. वर्षाला वीस रुपये कापले जातात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला एक लाख. दर वर्षी मेअखेर खात्यात तेवढी शिल्लक आहे ना, ते बघा. वीस रुपयांअभावी विमा बंद पडल्याची उदाहरणं माझ्यासमोर आहेत. दुसरं, एखादी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या आणि एजंटला एकच प्रश्न विचारा : हाड मोडून घरी बसलो तर आठवड्याला काही मिळेल का? तात्पुरत्या अपंगत्वाची भरपाई असलेली पॉलिसी मिळते, पण ती मागावी लागते.

रस्त्यावर अपघात झालाच तर आणखी एक लक्षात असू द्या. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे. तिच्यात नेमलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार पैसे न भरता मिळतात. ११२ ला फोन करून रुग्णालय कोणतं ते विचारायचं आणि पोलिसांत नोंद करायचीच. घसरून पडलो, कुणाची धडक नाही, मग नोंद कशाला, असं म्हणून मुलं उठून पुढचं पार्सल द्यायला जातात. मग नंतर दाखवायला हातात काही नसतं.

आता दाद मागण्याचं. 'पार्टनर' म्हटलं की कंपनी मोकळी, असं बराच काळ चाललं. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संसदेत मंजूर झाली, पण लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडलं. तिच्यात तुमच्या मुलासारख्यांना प्लॅटफॉर्म कामगार, म्हणजे ॲपवरून काम मिळणारे कामगार, म्हणून ओळख आहे. घरपोच सेवा देणाऱ्या, मालवाहतुकीच्या आणि ऑनलाइन विक्रीच्या अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरायची आहे. कामगारांना जे पैसे दिले जातात त्याच्या पाच टक्क्यांपर्यंत, ही त्याची वरची मर्यादा. त्या निधीतून अपघात, आजारपण, बाळंतपण, म्हातारपण यांच्या योजना व्हायच्या आहेत. मात्र ही संहिता त्याला कंपनीचा नोकर ठरवत नाही. त्यामुळे किती पार्सलं द्यायची, किती तास, पैसे का कापले, याची उत्तरं तिच्यात शोधू नका. मागे झालेल्या अपघाताचे पैसे तिच्या आधारे मिळतील अशी आशाही मी तुम्हाला दाखवणार नाही.

त्याला ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंदवून घ्या. आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि बँक खातं लागतं. अडलं तर १४४३४ या नंबरवर विचारा. पुढच्या योजना याच नोंदणीवर मिळायच्या आहेत. आणि रोजच्या कामाचा पुरावा ठेवायची सवय लावा : ॲपमधलं ओळखपत्र, दिवसाची पार्सलं आणि मिळालेले पैसे यांचे स्क्रीनशॉट दर आठवड्याला घरच्या कुणाच्या तरी मोबाईलवर पाठवून ठेवायचे. एखाद्या दिवशी आयडी बंद केला की ॲपमधलं सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून जातं.

फुटलेल्या पार्सलाचं : कापलेल्या पैशांचं कारण ई-मेलवर लेखी मागा, तोंडी किंवा गटाच्या चॅटवर नको. पार्सल गोदामातून निघताना कसं होतं याचा फोटो असेल तर जोडा. रोज सकाळी माल ताब्यात घेतानाच दबलेले, ओले, फाटलेले खोके बाजूला काढून त्यांचा फोटो घ्यायला त्याला शिकवा. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते मुलाच्या खिशातले पैसे वाचवतं. रोख पैसे घेतानाही तसंच. नोटा मोजून, उजेडात बघून मगच पार्सल द्यायचं, समोरचा कितीही घाई करो. रात्री हिशेबात आलेली तूट शाखा त्याच्याकडूनच भरून घेते.

एक गोष्ट मला मनापासून वाटते ती लिहिते. महाराष्ट्राला हे सगळं नवं नाही. बाजार समितीत आणि गोदामांत पोती वाहणाऱ्या माणसालाही एके काळी कुणी मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याचं पोतं, उद्या त्या व्यापाऱ्याचं. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळं आली, हमाल आणि व्यापारी दोघांची नोंद झाली, मजुरीबरोबर व्यापाऱ्याने मंडळात लेव्ही भरायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी करायचं, अशी घडी बसली. त्या मंडळांचे दोष असतील, पण मालक अनेक असले तरी कामगाराला वाऱ्यावर सोडायची गरज नाही हे आपल्या राज्याने पन्नास वर्षांपूर्वीच करून दाखवलं. प्लॅटफॉर्म कामगारांसाठी स्वतंत्र कायदा पहिल्यांदा राजस्थानने केला, २०२३ साली. पुढे कर्नाटकानेही केला. ज्या राज्यात भिवंडीची गोदामं आहेत, त्या राज्याने या बाबतीत मागे राहू नये. तुमच्या आमदारांना पत्र लिहा, मीही लिहिणार आहे.

मुलाला जाऊ द्या की नको, हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून मी सांगत नाही. पण पावसात सिडकोच्या उतारावर संध्याकाळी घाई करायची नाही, शाखा काहीही म्हणो, एवढं त्याला माझ्याकडून सांगा.

मी ७२ वर्षांचा आहे. फोन आला : 'तुमचा पत्ता अपुरा आहे, पार्सल परत जाईल. रायडरशी बोलायला स्टार ४०१ स्टार आणि त्याचा नंबर दाबा.' मी दाबला नाही. हे काय असतं?
— एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर

दाबला नाहीत हे उत्तम केलंत. तो आकडा दाबला की तुमचे सगळे फोन त्या चोराच्या नंबरवर वळतात आणि बँकेचा फोनवरून येणारा ओटीपी त्याला ऐकू जातो. कुणी चुकून दाबला असेल तर ##००२# लावून वळवलेले कॉल रद्द करावेत आणि लगेच बँकेला कळवावं. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

खरा कुरिअरवाला पत्ता विचारतो, कोणताही आकडा दाबायला लावत नाही, लिंक पाठवून पाच-दहा रुपये भरायलाही सांगत नाही. ओटीपी तो मागतो, पण पार्सल घेऊन दारात उभा असताना. तेव्हाही मेसेज पूर्ण वाचा : त्यात डिलिव्हरीचा उल्लेख हवा, रक्कम किंवा बँकेचं नाव दिसलं तर तो ओटीपी द्यायचा नाही. आणि घरात कुणी मागवलेलं नसताना रोख पैसे मागणारं पार्सल आलं तर सरळ परत करा. आणणाऱ्या मुलाला त्यात काय आहे ते माहीत नसतं, त्याच्यावर संशय घेऊ नका.

मी घरी आमसुलं, कोकम आगळ, कुळथाचं पीठ करून पाठवते. पुण्याला पाठवलेलं सुमारे साडेचार हजारांचं पार्सल कुरिअरने हरवलं. ते म्हणतात, पावतीच्या मागे लिहिलंय, शंभर रुपयांच्या वर जबाबदारी नाही. हे खरं का?
— एक उद्योजिका, सावंतवाडी

त्या बारीक छापाला वजन आहे, हे आधी सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली भारती निटिंग कंपनीच्या प्रकरणात म्हटलं, की जबाबदारीची मर्यादा लिहिलेल्या कागदावर पाठवणाऱ्याने सही केली असेल तर ती त्याला बांधून ठेवते. म्हणून पहिला प्रश्न : तुम्ही सही केली होती का? काउंटरवर नुसती पावती हातात दिली, मागचा मजकूर कुणी दाखवला नाही, सही घेतली नाही, तर ग्राहक आयोगापुढे तुमची बाजू पुष्कळ बळकट होते.

कंपनी असंही म्हणेल, की तुमचा हा धंदा आहे, तुम्ही ग्राहकच नाही. त्याला घाबरू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू 'व्यापारी हेतू'त धरत नाहीत, कायद्यातच तसं स्पष्ट केलंय; सेवेबाबतही तोच मुद्दा तुम्हाला आयोगापुढे मांडता येतो. आधी लेखी नोटीस द्या. तीत पावतीचा क्रमांक, मालाची किंमत आणि ग्राहकाला पैसे परत केल्याचा पुरावा जोडा. शेवटचं स्कॅन कुठे झालं ते मागा. पार्सल बहुतेक वेळा हरवतं ते एका गोदामातून दुसऱ्या गोदामात जाताना, वरची पत्त्याची चिठ्ठी सुटून पडल्यामुळे.

म्हणूनच पुढच्या वेळेपासून पत्ता खोक्याच्या आतही एका कागदावर लिहून टाका. चिठ्ठी निघाली तर गोदामात खोकं उघडतात, आत काही सापडलं नाही तर ते बेवारस मालात जातं. आगळाच्या बाटलीला झाकणावरून प्लॅस्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधा. एक बाटली गळली तर पोत्यातली दहा माणसांची पार्सलं खराब होतात आणि शाखा असलं खोकं बाजूला टाकते. किंमत पावतीवर लिहून घ्या आणि दोन हजारांवरच्या मालाला थोडे जास्त पैसे भरून विमा उतरवा. पोस्टातही विमा उतरवून पार्सल पाठवता येतं.

आमची वस्ती गावापासून तीन किलोमीटर आत, मळ्यात आहे. वेबसाइट पिनकोड घेते, पैसे घेते, आणि मग कुरिअरवाला फोन करून म्हणतो सिन्नरला येऊन घेऊन जा. जायला-यायला अर्धा दिवस मोडतो. गेलो नाही तर 'ग्राहकाने नाकारलं' लिहून परत पाठवतात.
— एक शेतकरी वाचक, सिन्नर तालुका

पिनकोड घेऊन, पैसे घेऊन ऑर्डर स्वीकारली की माल पत्त्यावर पोचवणं हे विक्रेत्याचं काम. तालुक्याला बोलावणं म्हणजे पोचवणं नव्हे. फोनवर नाही म्हणायचं झालं तर 'मला पार्सल हवं आहे, पत्त्यावर आणा' हे मेसेजने लिहून पाठवा, म्हणजे 'नाकारलं' हा शेरा खोटा ठरवता येईल. आणि पार्सल हातात येण्याआधी फोनवर ओटीपी कधीही सांगू नका. 'उद्या आणून देतो, आज ओटीपी द्या' असं म्हणणारा रात्रीचा हिशेब मिटवत असतो. त्या ओटीपीनंतर कागदावर माल तुम्हाला मिळालेला असतो.

त्या मुलाची अडचणही खरी आहे. मळ्यातलं एक पार्सल द्यायला सहा किलोमीटर फेरा, आणि त्याला पैसे गावातल्या पार्सलाएवढेच. लांबच्या पार्सलाला जास्त दर द्या, हे कंपनीला सांगायची त्याची ताकद नाही. तुमची आहे. वर सांगितलेल्या अधिकाऱ्याला लिहिताना हेही लिहा.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. त्याचे सहा आकडे पत्र तुमच्या पोस्ट ऑफिसपर्यंत नेतात. तिथून पुढे मळ्यापर्यंत नेतो तो ग्रामीण डाकसेवक, ज्याला घरं आणि माणसं माहीत असतात. कुरिअरच्या मुलाला ती माहीत नसतात आणि मोबाईलचा नकाशा मळ्यात गंडतो. म्हणून शक्य असेल तिथे विक्रेत्याला पोस्टाने पाठवायला सांगा. लहान विक्रेते ऐकतात. पोस्ट खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे. सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांची खूण आहे. तुमच्या दाराची खूण काढून ठेवा, पण आज कुरिअरवाल्याला तिच्यापेक्षा जास्त उपयोग होईल तो असा पत्ता लिहिण्याचा : गाव, कोणत्या रस्त्याने वळायचं, वळणावर काय दिसतं, तिथून किती अंतर, आडनावाची वस्ती, आणि दिवसा शेतात रेंज नसेल तर घरी असणाऱ्या दुसऱ्या माणसाचा मोबाईल. वस्तीतल्या सगळ्या घरांनी एकाच पद्धतीने लिहिला तर आणखी बरं. वस्तीतल्या दोन-तीन घरांची पार्सलं एकाच दिवशी येतील अशी ऑर्डर देता आली तर त्या मुलाचा फेराही वसूल होतो आणि तो फोन न करता सरळ येतो. सिन्नरच्या बाजूच्या दोन वस्त्यांनी हे माझ्या सांगण्यावरून केलंय, आणि आता त्यांच्याकडे गाडी येते.